दफन व दहन, ख्रिस्ती धर्मातील

मृतदेहाच्या अंतिम विल्हेवाटीविषयीची ख्रिस्ती पंथांची भूमिका. ज्यू परंपरा, येशूचे दफन व देहाच्या पुनरुत्थानावरील श्रद्धा (→ पुनरुत्थान) यांमुळे प्रारंभापासून दफन रूढ झाले. रोमजवळील भुयारी दफनभूमी दुसऱ्या शतकापासूनच्या आहेत. पुनरुत्थानसमयी तोंड उगवतीकडे असावे, म्हणून पाय पूर्वेकडे करून मृतास उताणे पुरण्याची प्रथा पडली. रोमन कॅथलिक चर्चने दहनावर १८८६ मध्ये घातलेली बंदी १९६३ मध्ये शिथिल केली; श्रद्धा नाकारण्यासाठी केलेले दहन मात्र निषिद्धच राहिले. २०१६ च्या निर्देशानुसार रक्षा पवित्र स्थळी ठेवावी लागते; ती विखुरणे वर्ज्य आहे. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ दहन मान्य करतात, ऑर्थोडॉक्स चर्च सामान्यतः नाकारते (→ अंत्यसंस्कार). दहनाने पुनरुत्थानास बाधा येत नाही, हे तत्त्व कॅथलिक शिथिलीकरणाचा आधार होय.