कापसाचा पैसा आणि कागदाच्या कंपन्या

शेअरबाजार हा आम्हा कामगारांचा विषय नव्हे, असे पुष्कळांना वाटते. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. ताळेबंद वाचायला युनियनच्या कचेरीतच शिकलो. तेव्हापासून मुंबईच्या 1865 सालच्या दिवाळ्याकडे आम्हांला पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते.

1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आमच्या कापसाकडे तोंड वळविले. चार-पाच वर्षांत नेहमीपेक्षा सुमारे 81 कोटी रुपये मुंबईला अधिक मिळाले असे मानतात. चांदीच्या राशी बंदरात उतरल्या. त्याच 1861 च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क बँकांकडून सरकारकडे गेला. पैसा उदंड, तो घालायचा कोठे हा प्रश्न! वऱ्हाड-खानदेशात शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याची गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे.

शहाण्यांनी मात्र कंपन्या काढल्या. 1865 च्या जानेवारीत मुंबईत 31 बँका, 16 वित्तसंस्था, 20 विमा कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या 8 कंपन्या होत्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला, आणि जमीन तर अजून पाण्याखालीच होती! सौदे वायद्याचे: आज बोला, पैसे 1 जुलैला द्या. शेअर घ्यायला कर्ज, आणि कर्जाला तारण तोच शेअर. किंमत चढली की तारण चढे, तारण चढले की आणखी कर्ज. हे चक्र फिरत राहण्यास भाव चढत राहणे एवढेच पुरे होते. धंदा असलाच पाहिजे असे नव्हते.

बँक ऑफ बॉम्बे ही तर सरकारच्या भागीदारीची बँक, संचालकांत सरकारनियुक्त माणसे. पूर्वी तिला शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मनाई होती. 1863 च्या कायद्याने ती उठली. प्रेमचंद रायचंद यांच्या नुसत्या शब्दावर मग मोठमोठ्या रकमा सुटू लागल्या. त्यांनी विद्यापीठाला उदार देणगी दिली, राजाबाई टॉवर आईच्या नावाने उभा आहे, हे खरेच. पण तो पैसा ज्या बाजाराने दिला त्याचाही हिशेब मांडायला नको का?

1865 च्या एप्रिलमध्ये ली शरण गेला. कापूस कोसळला, आणि 1 जुलैला देणेकऱ्यांपाशी द्यायला कागदच उरले. 2,850 रुपयांना गेलेला बँकेचा शेअर 87 वर आला. जवळजवळ सारे भांडवल बुडाले. 1868 साली बँक गुंडाळली गेली आणि जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. तिने 1863 च्या कायद्याला, चिटणिसांना आणि दुबळ्या संचालकांना दोष दिला.

तेजीच्या काळात मुंबईत धान्य आणि घरभाडे महागले होते. भरावाच्या कामावर दूरदूरची माणसे आली होती. 1864 च्या गणतीत शहराची वस्ती 8,16,562 होती. 1872 साली 6,44,405. मोजणीच्या रीतीत फरक असेल, पण कामे थांबल्यावर टोपली खांद्यावर टाकून माघारी गेलेले किती, ते त्या शेअरांच्या वह्यांत कोठेच लिहिलेले नाही.