बाबासाहेब आणि चित्राची चौकट

थोरांची चरित्रे आपण अक्षरांआधी चित्रांतून वाचतो. समीक्षेत मात्र त्या चित्रांकडे दुर्लक्षच होते. 'अमर चित्र कथा'ने १९७९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र काढले, ते रूढ चौकटींच्या मांडणीत. २०११ मध्ये आलेल्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्या चौकटीच नाकारल्या. १९०१ च्या प्रवासात तहानलेल्या भीमाला कोणी पाणी देईना, हा प्रसंग त्यात आहे. तेथे विखारी शब्दांच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे, तर सौम्य शब्दांचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे. डंख कोणाचा, हे न वाचताही कळते. चरित्रातून डंख मारणारा समाजच वगळला, तर मुलांच्या हाती पूजेची तसबीर तेवढी उरते, असे आम्हांस वाटते.