व्हिक्टोरिया गोदीतील स्फोट (१९४४) : लष्करी मालवाहतुकीतील धोक्याची ओळख आणि व्यवस्थापन

लष्करी कामातील जोखीम म्हटली की रणभूमीच डोळ्यांसमोर येते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईने मात्र सर्वांत मोठी हानी सोसली ती मालाच्या चढउताराच्या जागी, आणि तीही शत्रूचा एकही बॉम्ब न पडता.

‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. कराचीत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठींची भर पडली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमध्ये कापूस व स्फोटके एकत्र आली. हा धोका अज्ञात होता असे म्हणता येत नाही. स्फोटके वाहणारे जहाज धक्क्याला न लावता बंदरातील खुल्या पाण्यात उभे करावे आणि माल पडावांत उतरवावा, असा शांतताकाळातील दंडक होता. युद्धाच्या निकडीने तो शिथिल झाला. १२ एप्रिल रोजी जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले, तेव्हा स्फोटकांची सूचना देणारा लाल बावटाही त्यावर नव्हता.

१४ एप्रिल रोजी दुपारी दोनच्या सुमारास याच होल्डमधून धूर निघताना दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. लष्कराच्या ऑर्डनन्स विभागातील कॅप्टन ओबर्स्ट यांनी मालाचे स्वरूप जाणून सबंध गोदी उद्ध्वस्त होऊ शकेल असा इशारा दिला. येथवर धोका ओळखण्यात उणीव नव्हती. उणीव होती ती निर्णयाधिकाराची. जहाज बुडवावे, बाहेर ओढून न्यावे, की आग विझवीत राहावे? कप्तान, अग्निशमन दल, गोदी-व्यवस्थापन आणि लष्कर यांपैकी प्रत्येकाला आपापल्या कक्षेत अधिकार होता. सर्वांवर चालेल असा हुकूम कोणाचाच नव्हता. दोन तास असेच गेले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकानेही त्याची नोंद घेतली.

अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एकूण मृतांचा आकडा मात्र निरनिराळ्या साधनांत ८०० ते १,३०० असा बदलत जातो, आणि याचे नवल वाटू नये. गोदीतील पुष्कळसे मजूर त्या काळी टोळीवाल्यांमार्फत रोजंदारीवर येत. त्यांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये झाला.