सान्तेरिया आणि इफा : नवागताने मार्गदर्शक कसा पारखावा?

क्युबा बेटावर घडलेली सान्तेरिया ही उपासनापरंपरा आणि तिच्याशी जोडलेली इफा ही शकुनविद्या आज क्युबापुरती मर्यादित राहिलेली नाही. अमेरिकेतील मायामी व न्यूयॉर्क, तसेच प्वेर्तो रिको, व्हेनेझुएला, मेक्सिको, स्पेन अशा अनेक ठिकाणी तिचे उपासक आढळतात. त्यांपैकी पुष्कळ जण जन्माने या परंपरेतील नाहीत. कोणी आजारपणात, कोणी आपल्या आफ्रिकी पूर्वजांचा शोध घेताना, तर कोणी केवळ जिज्ञासेपोटी तिच्याकडे वळलेले असतात. अशा नवागतापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न हा की, विश्वास कोणावर ठेवावा?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. या परंपरेला सर्वमान्य असा एक धर्मग्रंथ नाही, केंद्रीय धर्मपीठ नाही आणि सर्वांवर बंधनकारक असा परवानाही नाही. त्यामुळे पांढरी वस्त्रे व रंगीत मण्यांच्या माळा धारण करून कोणीही स्वतःला जाणकार म्हणवू शकतो. तथापि परंपरेजवळ स्वतःची अशी एक कसोटी आहे : ज्याला जे मिळालेले नाही, ते तो दुसऱ्याला देऊ शकत नाही, आणि जे मिळाले, ते साक्षीदारांच्या उपस्थितीत मिळालेले असते. ही कसोटी समजून घेण्यासाठी परंपरेचा उगम व तिची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

उगम व विस्तार

आजच्या नैर्ऋत्य नायजेरियात व शेजारच्या बेनिन देशात योरुबा लोकांची वस्ती आहे. १८३०च्या दशकात तेथील ओयो साम्राज्य कोसळले. युद्धांच्या धामधुमीत हजारो योरुबा स्त्रीपुरुष गुलाम म्हणून विकले गेले व त्यांतील फार मोठी संख्या क्युबातील उसाच्या मळ्यांवर पोहोचली. तेथे त्यांना 'लुकुमी' हे नाव मिळाले. क्युबात गुलामगिरीचा शेवट १८८६ साली झाला.

हावाना, मातान्सास आदी शहरांत आफ्रिकी लोकांच्या 'काबिल्दो' नावाच्या परस्परसाहाय्य संस्था होत्या. त्या एखाद्या कॅथलिक संताच्या नावे चालत आणि त्यांच्याच आश्रयाने ओरिशांची, म्हणजे योरुबा देवतांची, उपासना टिकून राहिली. ओरिशा आणि संत यांच्या जोड्या अशाच वातावरणात रूढ झाल्या. मेघगर्जनेचा अधिपती चांगो याची सांगड संत बार्बराशी, सागरमाता येमाया हिची रेग्ला येथील पवित्र मरियेशी, तर नदी व प्रेम यांची देवता ओचून हिची एल कोब्रे येथील करुणामातेशी घातली गेली. याच करुणामातेला पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१६ साली क्युबाची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. 'सान्तेरिया' म्हणजे संतांचा मार्ग. हे नाव बाहेरच्यांनी दिलेले असल्यामुळे अनेक उपासक 'लुकुमी' किंवा 'रेग्ला दे ओचा' म्हणणे पसंत करतात.

१९४६ साली पांचो मोरा हे बाबालावो, म्हणजे इफाचे पुरोहित, न्यूयॉर्कला आले. १९५९च्या क्रांतीनंतर क्युबातून झालेल्या स्थलांतरामुळे ही परंपरा अमेरिकेत वेगाने पसरली. १९९३ साली हायालीया शहराविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुकुमी उपासकांच्या बाजूने एकमताने निकाल दिला आणि प्राण्यांच्या बळीविरुद्ध शहराने केलेले नियम रद्द ठरवले. इकडे योरुबा भूमीतील इफाला युनेस्कोने २००५ साली मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले व २००८ साली आपल्या प्रातिनिधिक सूचीत समाविष्ट केले.

अधिकार कोणाचा?

नवागताने प्रथम दोन प्रकारच्या पुरोहितांतील फरक जाणून घ्यावा. पहिला ओलोरिशा, ज्याला सामान्यतः सान्तेरो किंवा सान्तेरा म्हणतात. विशिष्ट ओरिशाची दीक्षा त्याच्या मस्तकावर झालेली असते. तो नारळाच्या चार तुकड्यांनी 'हो-नाही' स्वरूपाचे कौल घेतो आणि १६ कवड्यांच्या साहाय्याने, 'दिलोगून' पद्धतीने, सविस्तर शकुन पाहतो. दुसरा बाबालावो. तो शकुनाचा अधिष्ठाता ओरुन्मिला याचा, ज्याला क्युबात ओरुला म्हणतात, सेवक होय. १६ पामबिया किंवा 'ओपेले' नावाची साखळी ही त्याची साधने. त्यांतून १६ गुणिले १६ म्हणजे २५६ 'ओदू' निर्माण होतात. प्रत्येक ओदूला कथा, वचने, निषेध आणि उपाय जोडलेले असतात व ते मुखोद्गत करण्यात बाबालावोची वर्षानुवर्षे जातात.

तिसरी महत्त्वाची व्यक्ती 'ओबा ओरियाते'. दीक्षाविधींचे संचालन व त्या वेळच्या कवड्यांचे वाचन यांत तो निष्णात असतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुन्या रीतीप्रमाणे सामान्य ओलोरिशा कवड्यांच्या पहिल्या १२ चिन्हांपर्यंतच वाचन करतो. त्यापुढील चिन्ह पडल्यास तो प्रश्नकर्त्याला बाबालावोकडे किंवा ओरियातेकडे पाठवतो. आपल्या अधिकाराची सीमा ओळखून पुढे पाठवणारा मनुष्य विश्वासास पात्र समजावा. सर्व काही मलाच ठाऊक आहे असे सांगणाऱ्याविषयी परंपरेतीलच लोक साशंक असतात.

धर्ममातापिता आणि 'इले'

दीक्षा देणाऱ्यास 'पाद्रिनो' वा 'माद्रिना' म्हणतात. हे शब्द सरळ कॅथलिक स्नानसंस्कारातून आलेले असून त्यांचा अर्थ धर्मपिता व धर्ममाता असाच आहे. त्यांच्याभोवती जमलेले दीक्षितांचे कुटुंब म्हणजे 'इले', अर्थात घर. दीक्षेच्या वेळी 'ओयुबोना' ही दुसरी धर्ममाता किंवा धर्मपिता नेमली जाते आणि नवदीक्षिताचा प्रत्यक्ष सांभाळ बहुतांशी तीच व्यक्ती करते.

दीक्षेच्या पायऱ्या सावकाश चढायच्या असतात. आरंभी ओरिशांच्या रंगीत माळा, 'एलेके', दिल्या जातात. एलेग्वा, ओगून व ओचोसी हे 'योद्धे' प्रदान केले जातात. काहींना ओरुलाचा 'हात' मिळतो. पुष्कळ लोक येथेच थांबतात, आणि तसे थांबणे कमीपणाचे मानले जात नाही. पूर्ण दीक्षा, म्हणजे 'कारिओचा', हा सात दिवसांचा विधी आहे. तिसऱ्या दिवशी 'इता' नावाचे दीर्घ शकुनवाचन होते. त्यात सांगितलेले निषेध आयुष्यभर पाळावयाचे असतात व ते एका वहीत लिहून ठेवले जातात. त्यानंतर नवदीक्षित, म्हणजे 'इयावो', एक वर्ष व सात दिवस शुभ्र वस्त्रे आणि कडक नियम पाळतो. ही दीक्षा एकदाच होते, ती परत करता येत नाही आणि धर्ममातापित्यांशी जडलेले नाते जन्माचे असते. चुकीच्या माणसाची निवड एवढी महाग का पडते, हे यावरून उमगेल.

काय विचारावे, काय पाहावे

पहिली विचारणा वंशावळीची. प्रत्येक विधीच्या आरंभी 'मोयुबा' नावाची वंदना म्हटली जाते. तीत पुरोहित आपल्या दिवंगत धर्मपूर्वजांची नावे क्रमाने उच्चारतो. क्युबातील इफाच्या अनेक शाखा आपला उगम १९व्या शतकात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या व रेग्ला येथे राहिलेल्या रेमिहिओ एरेरा, म्हणजेच आदेचिना, यांच्यापर्यंत नेतात. तुम्हाला दीक्षा कोणी दिली, कोणत्या साली, कोठे, ओयुबोना कोण होती, ओरियाते कोण होता हे प्रश्न उद्धट समजले जात नाहीत. खऱ्या दीक्षिताला ही नावे तोंडपाठ असतात व ती सांगण्यात त्याला अभिमान वाटतो. उत्तर टाळले गेले, अथवा 'मला स्वप्नात दीक्षा मिळाली' असे सांगितले गेले, तर नवागताने तेथेच थांबावे.

दुसरी विचारणा साक्षीदारांची. कारिओचा एकट्याने देता येत नाही. त्यासाठी ओरियाते, ओयुबोना आणि इतर अनेक दीक्षित प्रत्यक्ष हजर असावे लागतात. म्हणून टपालाने वा दूरध्वनीवरून पूर्ण दीक्षा देण्याचा प्रस्ताव परंपरेच्या व्याख्येतच बसत नाही. ज्यांनी तो विधी पाहिला, त्यांना भेटता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट घराची. धर्मपिता एकटा नसतो. त्याची धर्ममुलेही असतात. ती त्याच्याविषयी काय बोलतात, किती वर्षे टिकून आहेत, भांडून निघून गेलेली किती आहेत, हे पाहावे. ढोलवादनाचे उत्सव व दीक्षेच्या वर्धापनदिनाचे दर्शन यांना पाहुण्यांना बहुधा प्रवेश असतो. काही महिने केवळ येत-जात राहून, स्वयंपाकघरात मदत करून, ज्येष्ठांचे वागणे न्याहाळणे हीच जुनी रीत आहे.

चौथी गोष्ट रक्षक ओरिशाची. मस्तकाचा स्वामी कोण, हे ओरुलाच्या शकुनाने अथवा कवड्यांनीच ठरते. चेहरा, स्वभाव किंवा जन्मतारीख पाहून 'तू ओचूनची लेक आहेस' असे सांगणारा मनुष्य अंदाज करीत असतो.

घराघरांतील मतभेद

दोन प्रामाणिक जाणकार परस्परविरुद्ध सांगतात, तेव्हा नवागत गोंधळतो. परंतु प्रत्येक मतभेद म्हणजे फसवणूक नव्हे. काही घरांत बाबालावोचा शब्द अंतिम असतो; काहींत ओरियाते सर्व कार्य पार पाडतो व बाबालावोला बोलावलेच जात नाही. क्युबाच्या रूढीनुसार बाबालावो केवळ पुरुष होतात व समलिंगी पुरुषांनाही तेथे प्रवेश नाही, ओचाच्या दीक्षेत मात्र स्त्रिया व समलिंगी व्यक्ती यांना मानाचे स्थान आहे. योरुबा भूमीत 'इयानिफा', म्हणजे इफाची दीक्षा घेतलेल्या स्त्रिया, आढळतात. या शतकाच्या आरंभी क्युबातील काही घरांनीही तशी दीक्षा देण्यास सुरुवात केली, तेव्हा तीव्र वाद उसळला. वर्षारंभी बाबालावो मंडळी 'वर्षाचे पत्र', म्हणजे येत्या वर्षाचे शकुन, जाहीर करतात. खुद्द हावानातूनही अनेक वर्षे दोन वेगवेगळी पत्रे निघत असत.

काहींनी संतांची जोड नाकारून थेट आफ्रिकेकडे पाहिले. वॉल्टर किंग यांनी १९५९ साली मातान्सास येथे दीक्षा घेतली. पुढे ओसेइजेमान आदेफुन्मी या नावाने त्यांनी १९७० साली दक्षिण कॅरोलिनात ओयोतुंजी हे गाव वसवले. सारांश, नवागताने कोणती शाखा 'खरी' याचा निवाडा करीत बसण्यापेक्षा आपण ज्या घराच्या दाराशी उभे आहोत ते कोणत्या शाखेचे आहे व ते स्वतःच्या नियमांशी प्रामाणिक आहे काय, हे पाहावे. एका घराची माळ, दुसऱ्याचे योद्धे व तिसऱ्याचा सल्ला असा मेळ घालू नये. काँगो मूळ असलेला 'पालो' आणि मृतात्म्यांशी संवाद साधू पाहणारा 'एस्पिरितिस्मो' या परंपरा अनेक सान्तेरो पाळतात, परंतु त्या वेगळ्या आहेत, हेही लक्षात असावे.

पैसा आणि भीती

विधीसाठी दक्षिणा, 'देरेचो', घेणे परंपरेला मान्य आहे. फुकट काम करणारा तेवढा प्रामाणिक असे समीकरण येथे लागू पडत नाही. पूर्ण दीक्षेत अनेक पुरोहितांची दक्षिणा, प्राणी, वस्त्रे, भांडी व सात दिवसांचे अन्न यांचा खर्च असतो आणि अमेरिकेत तो कित्येक हजार डॉलरांवर जातो. प्रामाणिक घर हा खर्च बाबवार सांगते, आधी सांगते आणि पैसे जमवायला वेळ देते. १९९३ साली क्युबात डॉलर बाळगण्यास परवानगी मिळाल्यानंतर परदेशी पाहुण्यांना घाईघाईने दीक्षा देण्याचा व्यवसायही वाढला; त्याला तेथील लोक उपहासाने 'सान्तुरिस्मो' म्हणतात.

सर्वांत धोक्याची खूण म्हणजे भीती. 'आठवड्याभरात दीक्षा घेतली नाहीस तर मृत्यू अटळ आहे', 'तुझ्यावर करणी झाली आहे, आणखी पैसे आण', 'ही गोष्ट कोणालाही सांगू नकोस' ही वाक्ये कानी पडताच उठून निघावे. शकुनात अरिष्ट दिसू शकते, हे खरे. परंतु त्याबरोबर उपायही सांगितला जातो आणि तो पुष्कळदा फळे, पाणी, मेणबत्ती किंवा वागणुकीतील बदल इतका साधा असतो. जो आजाऱ्याला औषधे सोडण्यास सांगतो, किंवा विधीच्या नावाखाली शरीरसंबंधाची मागणी करतो, तो पुरोहित नसून अपराधी आहे.

ग्रंथांची मदत

पुस्तक वाचून कोणी दीक्षित होत नाही, परंतु वाचलेला माणूस सहसा फसत नाही. लिदिया काब्रेरा यांचा 'एल मोन्ते' (१९५४) हा ग्रंथ क्युबातील वृद्ध जाणकारांच्या तोंडून मिळालेल्या माहितीचे भांडार आहे. विल्यम बॅस्कम यांचे नायजेरियातील इफावरील (१९६९) व १६ कवड्यांवरील (१९८०) संशोधन आजही आधारभूत मानले जाते. स्वतः बाबालावो असलेले प्राध्यापक वांडे आबिंबोला यांचे इफाच्या वाङ्मयावरील लेखन (१९७६) परंपरेच्या आतून आलेले आहे.

कॅथलिक वाचकांसाठी

क्युबात कारिओचापूर्वी कॅथलिक स्नानसंस्कार झालेला असावा, अशी जुनी रूढी आहे. त्यामुळे या वाटेवरील कित्येक जण चर्चमध्येही येतात, आणि आपण दोन्हीकडे राहू शकतो का, असे विचारतात. ख्रिस्तसभेचे उत्तर स्पष्ट आहे : धर्मशिक्षणग्रंथाच्या परिच्छेद २११६ मध्ये सर्व प्रकारची शकुनविद्या त्याज्य ठरवली आहे. त्याचबरोबर दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असेही जाहीर केले. ही दोन्ही विधाने प्रश्नकर्त्यापुढे प्रामाणिकपणे ठेवली पाहिजेत. गुलामगिरीच्या अंधारात ज्यांनी आपल्या पूर्वजांची नावे विसरू दिली नाहीत, त्यांच्या परंपरेची हेटाळणी करून कोणाचेही मन वळत नाही.

जो वाचक आपला निर्णय घेऊन त्या दाराशी पोहोचेल, त्याला परंपरेतील ज्येष्ठ एकच सल्ला देतात : घाई करू नये. मस्तक एकदाच दिले जाते. ज्याच्या हाती ते द्यायचे, त्याच्या धर्मपूर्वजांची नावे आधी ऐकून घ्यावीत, त्याच्या धर्ममुलांचे चेहरे पाहावेत, आणि 'आज नको' असे म्हटल्यावर तो कसा वागतो तेही पाहावे. खरा मार्गदर्शक वाट पाहायला तयार असतो.