संयुक्त गृहकर्जातून नाव कमी करणे

संयुक्त गृहकर्जातून नाव कमी करणे : पती-पत्नींनी मिळून घेतलेल्या गृहकर्जाच्या दायित्वातून, विवाहसंबंध संपल्यावर, एका सहकर्जदाराला मुक्त करण्याची प्रक्रिया.

उगम : भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार, करारात अन्यथा नमूद नसल्यास, सहकर्जदारांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण कर्ज वसूल करता येते. घटस्फोटाच्या दाव्यात (पहा : हिंदू विवाह अधिनियम, १९५५) बँक पक्षकार नसल्याने हुकूमनाम्यानंतरही तिचा हक्क अबाधित राहतो. म्हणून बँकेच्या संमतीने जुन्या कराराच्या जागी नवा करार करतात (करार अधिनियम, कलम ६२).

वैशिष्ट्ये : कर्ज आणि मालकी या स्वतंत्र बाबी आहेत. कर्जासाठी उरणाऱ्या कर्जदाराचे उत्पन्न, वय व पतइतिहास नव्याने तपासतात. ऐपत अपुरी ठरल्यास दुसरा सहकर्जदार किंवा जामीनदार मागितला जातो, अथवा कर्ज अन्य बँकेकडे वळवले जाते. मालकीसाठी बँकेचे ना हरकत पत्र घेऊन हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात (पहा : नोंदणी अधिनियम, १९०८). मुद्रांक शुल्क दस्ताच्या प्रकारानुसार ठरते. महाराष्ट्रात सदनिका सहकारी गृहनिर्माण संस्थेत असल्यास भाग दाखल्याच्या मागील बाजूस हस्तांतराची नोंद होऊन पदाधिकारी सह्या करतात.

महत्त्व : केवळ हक्कसोडपत्र केल्यास मालकी जाते, पण हप्त्यांचे दायित्व उरते. थकबाकी दोघांच्याही पतइतिहासात नोंदली जाते, नव्या कर्जाची पात्रता घटते (पहा : गहाण, सरफेसी अधिनियम, २००२).