पांडवलेणी: नुसता देखावा नव्हे

मंडळी, पाहुणे आले की आपण नाशिककर त्यांना सोमेश्वरचा धबधबा दाखवतो, अंजनेरीला नेतो, संध्याकाळी पांडवलेणीवरून शहर दाखवतो. फोटो होतात, आपण उतरतो. पण दहाव्या लेण्याच्या ओसरीतला लेख किती जण बघतात?

हा लेख क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. गोवर्धनातल्या त्रिरश्मी डोंगरावर आपण हे ‘लेण’ आणि या ‘पोढी’ करवल्या, असं तो सांगतो. ‘लेण’ हा शब्द आपल्या तोंडी आजही आहे. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. तो शब्द मात्र रोजच्या बोलण्यातून गेला.

शब्द गेला, तशी नजरही गेली बघा. इथे पाऊस चार महिने आणि तहान बारा महिने. टाकी खोदली म्हणून भिक्षूंना इथे राहता आलं. दात्याने निवारा आणि पाणी एकाच वाक्यात मोजलं, ते उगीच नाही. आपण मात्र लेणी मोजतो, 24 म्हणतो, आणि टाकी सोडून देतो.

पुढच्या खेपेला टाक्यांपाशीही दोन मिनिटं थांबा. आणि हो, त्यात बाटली टाकू नका.