वादळाचे तास, लाकडाचे आठवडे

1 जून 2020, पहाट. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र बळावतंय. कोकणात म्हसळा, श्रीवर्धनच्या वाड्यांत पोफळी एकमेकींच्या आडोशाला उभ्या. हा आडोसाच नडणार आहे. वाऱ्याचे हिसके खात वाढलेलं झाड बुटकं, जाडजूड होतं. आडोशातलं नुसतं उजेडामागे उंच जातं.

2 जून, दुपार. चक्रीवादळाला नाव मिळतं, निसर्ग. बांगलादेशाने सुचवलेलं.

3 जून, पहाटे साडेपाच. तीव्र चक्रीवादळ.

सकाळ. वारा चढतो. खोड वाकलं की पेशींची आवरणं ताणली जातात आणि काही सेकंदांत आत कॅल्शियम उसळतं. अर्ध्या तासाच्या आत काही जनुकं कामाला लागतात. जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस या शास्त्रज्ञांना 1990 मध्ये हे एका छोट्या रोपात दिसलं, तेही चुकून म्हणावं असं: संप्रेरकं फवारून पाहत होते, तर नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानेही जनुकं जागी झाली. म्हणजे झाडाला खबर वेळेत लागते. पण खबरीवरून नवं लाकूड बांधायला कित्येक आठवडे जातात. वादळाकडे काही तासच आहेत.

साडेबारा. अलिबागच्या दक्षिणेला वादळ जमिनीवर येऊ लागतं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे. आंब्याच्या सालीखाली पेशींचा एक थर असतो. जिथे ताण पडतो तिथे तो जास्त लाकूड घालतो, मुळंही तशीच जाड होतात. पण ही तयारी दरवर्षीच्या नैर्ऋत्येच्या वाऱ्याशी जमवलेली. चक्रीवादळात वारा दिशा बदलतो. माड-पोफळीत तर तो थरच नाही. खोडाची जाडी कोवळेपणीच ठरते; पुढे फार तर आतल्या तंतूंच्या भिंती टणक होत जातात. पोफळीचं वीतभर जाडीचं खोड, वर झावळ्यांचा झुपका. कसं टिकावं?

अडीच. वादळ आत सरकलेलं. आडव्या वाड्या, मोडके विजेचे खांब.

संध्याकाळ. पुणे जिल्ह्याकडे जाता जाता जोर ओसरतो.

पुढचे आठवडे. पेशींचं काम आता सुरू. मोडलेल्या आंब्याला सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून धुमारे फुटू शकतात. कलंडलेला माड मुळं शाबूत असतील तर शेंडा पुन्हा वर वळवतो, खोडाला बाक ठेवून. पोफळीला वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. तो मोडला की ते झाड संपलं; नवीन रोप लावून पहिल्या सुपारीसाठी पाच-सात वर्षं थांबायचं.